बत्तीस पावलं

मंगळवारी सकाळी मी दुकानाच्या कुलपाशी झगडत होते. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं ते कुलूप गंजत आलंय, किल्ली आत गेली तरी त्याला जरा गोंजारावं लागतं. तेवढ्यात पाठीमागून हाक आली, "मॅडम, शुभ सकाळ!" आवाज ओळखीचा, लाडकाच म्हणावा असा. मी न वळताच डावा हात उंच करून हलवला. मग कुलूप उघडलं आणि मी वळले. रस्त्याच्या पलीकडं, जिथं शनिवारपर्यंत शहाळ्यांच्या टरफलांचा ढीग आणि चाकं काढून नेलेली एक टॅक्सी होती, तिथं एक आख्खं दुकान उभं होतं. लाकडी, पिवळंधमक, अजून रंगाचा वास येणारं. रविवारी-सोमवारी आमची सुट्टी असते. त्या एका सुट्टीत कुणीतरी ते ट्रकवरून आणून, न विचारता आलेल्या पाहुण्यानं ट्रंक ठेवावी तसं तिथं ठेवून दिलं होतं. दाराशी स्टुलावर चढून माझी जुनी विद्यार्थिनी काक्रा पाटी पुसत होती. पाटीवर लांब मानेच्या एका बाईचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘थोडं थोडं केशकला’. आमच्या बोलीत काक्रा म्हणजे थोडं, लहानगं. जुळ्यातल्या धाकटीला हेच नाव देतात. म्हणजे पोरीनं पाटीवर स्वतःचं नावही घातलं होतं आणि वर नम्रतेचा आवही आणला होता. माझा हात अजून वरच होता. तो मी खाली कधी घेतला ते आठवत नाही, पण आत जाऊन आरशासमोर उभी राहिले तेव्हा माझ्या चेहऱ्यावर हसू तसंच राहून गेलेलं होतं, आणि ते कुणाचं आहे ते मला कळेना.

मी दिवा लावला, खुर्च्या पुसल्या, कंगवे साबणाच्या पाण्यात टाकले. रोज ज्या क्रमानं करते त्या क्रमानंच केलं, पण पोटात काहीतरी सैल होऊन लोंबकळत होतं. मंगळवार. ताकोराडीत आणि घानाच्या या सगळ्या किनाऱ्यावर मंगळवारी कुणी होडी समुद्रात नेत नाही. तो समुद्राच्या आरामाचा दिवस. त्यामुळं मासे भाजणाऱ्या, विकणाऱ्या बायकांना त्या दिवशी मोकळीक असते, आणि मोकळीक मिळाली की बाईला पहिली आठवण डोक्याची होते. आठवड्यातली माझी निम्मी कमाई मंगळवारची. दुकान उघडायचं तर मंगळवारी उघडावं, हे काक्राला कुणी सांगितलं? मीच. खडूनं फळ्यावर लिहून, दोनदा अधोरेखित करून सांगितलं होतं.

चार वर्षांपूर्वी ती केंद्रात आली तेव्हा सतरा वर्षांची होती आणि पाठीला पोर बांधलेलं होतं. शाळा सुटलेल्या मुलींसाठी चर्चच्या मागच्या आवारात ते केंद्र चालतं. सकाळी तिथं मी केस शिकवते, दुसरी एक बाई शिवण शिकवते, आणि दुपारनंतर मी माझं दुकान चालवते. मंगळवारी तेवढी केंद्राला माझी सुट्टी. काक्रा त्याआधी चौकात पाण्याच्या पिशव्या विकायची. पहिल्या दिवशी मी तिच्या हातात कंगवा दिला तर तिनं तो चाकूसारखा धरला. पण बोटं! तिच्या आजोबांनी लहानपणी तिला जाळी दुरुस्त करायला बसवलं होतं, आणि जाळ्याच्या हजारो गाठी त्या बोटांत मुरल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात तिनं बाजूच्या मुलीच्या डोक्यावर अशा सरळ ओळींत वेण्या घातल्या, की मी त्या मुलीचं डोकं उजेडाकडं वळवून नुसती बघत राहिले. भांग पाडलेल्या रेषा कशा, पहिल्या पावसाळ्यात शेतात मारलेल्या मक्याच्या सऱ्यांसारख्या. तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. तो आनंद खोटा नव्हता. मी खुर्ची पुसता पुसता तो आनंद पुन्हा काढून चाचपून बघितला. अजून होता, पण त्याच्या कडेला आता एक काटा निघाला होता.

"अगं अराबा!" दारातून मा एसाबा आल्या. मासे भाजून भाजून धुराचा वास त्यांच्या कपड्यांत कायमचा बसलाय आणि आवाज असा, की वाऱ्याविरुद्ध होडीला ऐकू जावा. "समोर बघितलंस का? सवत आली की तुझी!"

"बघितलं."

"बघितलं म्हणते! मी असते तर केस उपटले असते."

"केस उपटायला मी नाही बसले इथं, मा. घालायला बसलेय. बसा तुम्ही."

त्या बसल्या, डोक्याचा रुमाल सोडला आणि गेल्या महिन्याच्या वेण्या मी सोडवू लागले. धूर, नारळाचं तेल, समुद्र. या डोक्याची मला सतरा वर्षांची ओळख आहे. टाळूवर डावीकडं लहानपणी पडल्याचा एक व्रण आहे, तिथं ओळ थोडी वळवून घ्यावी लागते. माझी बोटं ते आपोआप करतात. माझ्या बोटांना मी कधी विचारत नाही. त्या दिवशी मात्र त्यांच्यात काहीतरी शिरलं होतं.

"आई गं! अराबा, डोकं आहे माझं. जाळं नाही ओढायचं."

"चुकलं, मा."

"चुकलं नाही, चिडलीयस. तुझ्या हातात कळतंय मला." आरशातून त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तूच शिकवलीस ना ती?"

आरशात, मा एसाबांच्या खांद्यावरून, दाराच्या चौकटीतून रस्ता दिसत होता आणि रस्त्यापलीकडं पिवळा रंग. आरशात सगळं उलटं दिसतं, त्यामुळं ती पाटी वाचता येत नव्हती. पण ती लांब मानेची बाई दोन्ही बाजूंनी सारखीच दिसत होती.

मला केंद्रातला तो वर्ग आठवत होता. धंद्याचा वर्ग. खरं तर तो माझा नव्हताच. अक्राहून एक गृहस्थ यायचे, भिंतीवर चित्रं पाडायचे, मुली माना टाकून झोपायच्या. मग ते येईनासे झाले आणि केंद्राच्या बाईंनी मला विचारलं, अराबा, तू सांगशील का काही? मी म्हटलं, मला काय येतं? तीन इयत्ता झाल्यात माझ्या. त्या म्हणाल्या, तुझं दुकान इतकी वर्षं उघडं आहे, तेच सांग. पहिल्या दिवशी मी बाजारातून एक टोपली टोमॅटो घेऊन गेले आणि मुलींना म्हटलं, हे मला विका. हसून हसून लोळायची वेळ आली. पण त्या दिवसापासून कुणी झोपलं नाही. जे जे मला माहीत होतं ते ते मी सांगत गेले. हातचं राखून ठेवायचं नाही असं मी फार पूर्वी ठरवलं होतं. एका गुरुवारी विषय होता, दुकान कुठं टाकावं. मी म्हटलं, "नवीन रस्ता शोधत हिंडू नका. गिऱ्हाईक जिथं आधीच येतं तिथं जा." दुसऱ्या बाकावरून काक्रानं हात वर केला. पाठीवरची बेबी झोपलेली, म्हणून ती हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, तिथं आधीच कुणी बसलेलं असलं तर?" आणि मी, सगळ्यांना हसवायच्या नादात, कमरेवर हात ठेवून म्हटलं, "मग तिच्या समोर बसा! फुटू दे तिला घाम!" वर्ग खदखदून हसला. काक्रा हसली नाही. तिनं ते वहीत लिहून घेतलं. मला आता आठवलं, की तिनं ते वहीत लिहून घेतलं होतं.

आणि फ्रीडमच्या दिवशी? शिक्षण संपलं की आम्ही मुलीला मोकळं करतो तो समारंभ. पांढरा पोशाख, पावडरचे ढग, ढोल, सगळ्या बायका नाचतात. काक्रा माझ्यासमोर गुडघ्यावर बसली होती, मानेवर पावडर, डोळ्यांत पाणी, आणि मी तिच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना केली होती, "देवा, हिला माझ्यापेक्षा मोठी कर!" देवानं ऐकलं, फक्त पत्ता नीट विचारून घ्यायचा राहिला. पंधरा दिवसांपूर्वी ती आली होती, "मॅडम, जागा मिळाली," म्हणाली. मी मिठी मारली. कुठं, ते विचारलंच नाही. ती म्हणाली होती, "तुम्हाला आवडेल."

मा एसाबा उठून गेल्या, जाताना माझ्या गालाला हात लावून गेल्या. त्यांच्यानंतर त्यांच्या दोन जावा बसल्या. मग अकराच्या सुमाराला एक तरुण मुलगी दारात आली, आत बघितलं, खुर्ची रिकामी व्हायला वेळ आहे असं तिच्या लक्षात आलं, आणि मग तिनं मान वळवून रस्त्यापलीकडं बघितलं. मी तिला बघताना बघितलं. ती "येते हं मी" म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली. तिचं चुकलं काय? पण माझ्या कानात एक आवाज सुरू झाला, जो मी सतरा वर्षांत ऐकला नव्हता. रिकाम्या दुकानाचा आवाज. ज्यांनी तो ऐकलाय त्यांना सांगायला नको. एक माशी असते. घड्याळ असतं. केस वाळवायच्या यंत्राची ती टोपी तोंड वासून असते. आणि बाहेर पावलं वाजली की तुमचा हात आपोआप कंगव्याकडं जातो, पावलं पुढं जातात, हात परत मांडीवर येतो.

माझ्या मॅडमचं नाव एवुराबेना. देवाघरी गेल्यात, त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं नाही मला. चार वर्षं मी त्यांच्याकडं उमेदवारी केली. पाणी भरलं, पोरांचे कपडे धुतले, दुपारी त्यांच्या पायांना तेल लावलं. अवघड काम आलं की त्या मला बाजारात पिटाळायच्या, म्हणजे मी बघू नये. मी धावत जायचे, धावत यायचे आणि जे शेवटचं थोडं दिसेल ते डोळ्यांनी उचलायचे. रात्री चटईवर पडून स्वतःच्याच गुडघ्यावर हवेतल्या वेण्या घालायचे. मोकळं करताना त्यांनी मला जवळ बसवलं आणि सांगितलं, "माझ्या सावलीत दुकान टाकायचं नाही." मी त्यांची सावली फार लांबची धरली. गावाच्या दुसऱ्या टोकाला, कोळशाच्या वखारीमागच्या गल्लीत गेले, जिथं कुत्रंसुद्धा फक्त वाट चुकल्यावर येतं. दोन वर्षं बसले तिथं. मी आज्ञाधारक होते, आणि माझ्या आज्ञाधारकपणाचं कुणाला काही सुखदुःख नव्हतं. मॅडमच्या लक्षातही राहिलं नसेल. नंतर इथं आले तेव्हा माझं वय एकोणतीस होतं आणि त्या दोन वर्षांबद्दल मी कुणालाही, नवऱ्यालासुद्धा, सगळं सांगितलं नाही. म्हणून तर मी केंद्रात हातचं राखत नाही. म्हणून तर तो गुरुवारचा धडा. मग आता घाम कशाचा? काक्रानं तेच केलं जे करायची मला हिंमत झाली नाही. मला तिचा राग येत होता की सत्तावीस वर्षांच्या त्या मुलीचा, जी ‘बरं, मॅडम’ म्हणून वखारीमागं गेली होती?

मनाला असे प्रश्न विचारले की ते गप्प बसतं आणि हात वेगळंच काहीतरी करतात. माझ्या हातात फोन होता. आमची केस करणाऱ्यांची संघटना आहे, आणि संघटनेचा नियम आहे, की नव्या दुकानानं जुन्यापासून शंभर पावलं लांब राहावं. तो नियम लिहिला त्या दिवशी कागद माझ्याच गुडघ्यावर होता. या रस्त्याची चिटणीस मी आहे. दुपारी गर्दी ओसरली तेव्हा मी पाणी टाकायच्या निमित्तानं बाहेर पडले आणि रस्ता ओलांडून पिवळ्या दुकानाशेजारच्या नारळवाल्यापर्यंत जाऊन आले. जाताना मोजलं. बत्तीस. बत्तीस पावलं. अध्यक्ष क्वान्सा मॅडमना एक फोन केला, की दोन दिवसांत तो पिवळा खोका पुन्हा ट्रकवर चढेल, आणि कुणी मला नावही ठेवणार नाही, कारण नियम नियम असतो. मी फोन लावला. घंटा वाजत राहिली. कुणी उचलला नाही. मी फोन खिशात टाकला, आणि मला बरं वाटलं की वाईट, हे मला आजही सांगता येणार नाही.

तीनच्या सुमाराला फिलोमिना आली. बाजारात कापड विकते, स्वतः एका वारासाठी गिऱ्हाइकाचा जीव खाते आणि दुसऱ्याच्या दुकानात आली की गरीब होते. मा एसाबाही परत आल्या होत्या, काही कारण नसताना. खरं म्हणजे पुढं काय होतं ते बघायला आल्या होत्या आणि दारातल्या बाकावर मक्याच्या पिठाची केंकी आणि तळलेला मासा खात बसल्या होत्या. फिलोमिनानं गंगावनाच्या लडी पिशवीतून काढल्या, बारीक वेण्या हव्यात म्हणाली, मग भाव ऐकून छातीवर हात ठेवला.

"सिस्टर अराबा, एवढे? समोरची मुलगी तर दहा सेडी कमी घेते."

समोर येऊन बसली, ठीक. मंगळवार धरला, ठीक. पण भाव पाडला? एकच गोष्ट होती जी मी त्या वर्गात हात जोडून सांगितली होती. मुलींनो, भाव पाडू नका. एकीनं पाडला की दुसरीला पाडावा लागतो, मग पहिलीला आणखी, आणि शेवटी दोघी उपाशी, गिऱ्हाईक तेवढं सुंदर. ते मात्र वहीत लिहिलं नव्हतं वाटतं! मी कंगवा ठेवला. एप्रनसकट बाहेर आले, पायरी उतरले, गटारावरच्या फळीवर उभी राहिले आणि दिवसभरात पहिल्यांदा तिला हाक मारली.

"काक्रा!"

पिवळ्या दारातून ती बाहेर आली. दातांत कंगवा, दोन्ही हातांना तेल.

"बारीक वेण्यांना किती सांगितलेस गं?"

नेमकी तेव्हाच आमच्या मध्ये एक ट्रोट्रो येऊन थांबली. कंडक्टर दाराला लोंबकळत "सर्कल-सर्कल-सर्कल" ओरडायला लागला, एक म्हातारी रताळ्याचं पोतं उतरवायला लागली, आणि मी त्या गाडीच्या निळ्या पत्र्याकडं बघत उभी. तेवढ्या वेळात मी पोरीला मनातल्या मनात काय काय बोलून घेतलं! अखेर पोतं उतरलं, गाडी हलली. पलीकडं काक्रानं कंगवा दातांतून काढला होता आणि ती हातांचा भोंगा करून उभी होती.

"तुमच्यापेक्षा वीस जास्त, मॅडम!"

"काय?"

"वीस जास्त!"

"जास्त?"

"माझ्याकडं पंखा आहे! आणि आधी केस धुऊन देते!"

"अगं, आणि देतात लोक?"

"देतात की!" तिनं मागं हात केला. आत खुर्चीत एक बसलेली होती, ती सकाळची मुलगी तिच्या शेजारी केस करून झाल्यावर आरशात स्वतःला न्याहाळत होती, आणि उंबऱ्यावर एक तिसरी वाट बघत होती.

रस्ता हसला. नारळवाला कोयता खाली ठेवून हसला, कंडक्टर चालत्या गाडीतून मागं वळून हसला. माझ्यामागं फिलोमिना पुटपुटत होती, "मला तसंच ऐकू आलं होतं बाई," आणि मा एसाबा तोंडातला घास कसाबसा गिळून म्हणाल्या, "मग केसांबरोबर कानही विंचरून घे!" मला हसू कुठून आलं कळलं नाही. ते पायांतून वर आलं. सकाळपासून पोटात जे सैल लोंबकळत होतं, तेच हलायला लागलं, आणि मी फळीवर उभी राहून, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. वीस जास्त! बारा वर्षं मी भावाच्या पाटीला हात लावला नव्हता. दर पावसाळ्यात वाटायचं, आता वाढवावा; मग वखारीमागची माशी कानात घुं करायची आणि मी पाटी तशीच टांगून ठेवायचे. मुलींना मात्र छाती फुगवून सांगायचे, आपल्या कामाची किंमत करा. त्या पोरीनं केली. पहिल्याच दिवशी, पहिल्याच गिऱ्हाइकाला, माझ्या नाकासमोर, माझ्याहून जास्त केली. तिच्या मनात मला हरवायचं नव्हतंच. मी शिकवलेलं खरं आहे, असं ती धरून चालली होती. एवढंच.

आत आले, ओलं फडकं घेतलं आणि पाटीवरचा आकडा पुसला. खडू हातात धरून क्षणभर थांबले. मग नवा लिहिला. फिलोमिना बघत होती.

"हे काय? आत्ता वाढवले?"

"आत्ताच. तू बसतेस की धुऊन घ्यायला जातेस?"

ती बसली. कुरकुरत बसली, पण बसली, आणि त्या दुपारी माझी बोटं अशी चालली जशी सतरा वर्षांपूर्वी चालायची. ओळ पाडावी, बट उचलावी, लड मिसळावी, पेडावर पेड. मध्येच फोन वाजला. क्वान्सा मॅडम.

"अराबा, तुझा फोन येऊन गेला. तुझ्या समोर कुणी दुकान टाकलंय म्हणे?"

"टाकलंय. नवीन सभासद आहे, तेच सांगायला केला होता. नाव लिहून घ्या."

"शंभर पावलं आहेत ना गं?"

"भरतात."

"कुणाच्या पावलांनी?"

मी आरशातून मा एसाबांकडं बघितलं. "मा एसाबांची नात आहे ना, आत्ताच चालायला लागलीय. तिच्या."

मग क्वान्सा मॅडम म्हणाल्या, "तू म्हातारी होत चाललीस, अराबा," आणि हसत फोन ठेवला.

पाचनंतर उन्हाची धार गेली, बंदरावरून वारा सुटला. माझं शेवटचं गिऱ्हाईक गेलं, तरी मी लगेच कुलूप लावलं नाही. दार लोटून घेतलं आणि रस्ता ओलांडला. या वेळी पावलं मोजली नाहीत. काक्रा केर काढत होती. मला बघून केरसुणी तिथंच टाकली आणि सरळ उभी राहिली, वर्गात मी आत आल्यावर राहायची तशी. कोपऱ्यात बेबी दोन रिकाम्या डब्यांशी काहीतरी गंभीर बोलत बसली होती. आतला वास नव्या लाकडाचा, आणि त्याच्यावर माझाच वास. तेलाचा, साबणाचा, मी ज्या दुकानातून आणते त्याच दुकानातला. आरसा माझ्याहून मोठा होता.

"मॅडम, तुम्ही रागावलात?"

"तीन वाजेपर्यंत."

तिनं मान खाली घातली. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, ते तिला आवरत नव्हतं.

"समोरच का गं आलीस?"

"तुम्हीच म्हणाला होतात."

"अगं, ती चेष्टा होती!"

"माझ्या वहीत तसं नाही लिहिलेलं." मग केरसुणीच्या काड्यांकडं बघत ती म्हणाली, "आणि दुसरीकडं कुठं गेले असते, तर कुठं अडलं म्हणजे हाक कुणाला मारली असती? इथनं ओरडलं की तुम्हाला ऐकू येतं. आज बघितलंत ना."

मी तिची खुर्ची ओढली आणि बसले. डोक्याचा रुमाल सोडला. केस करणाऱ्या बाईचे केस कुणी बघू नयेत. माझे वर्षानुवर्षं रुमालाखाली, दोन जाड वेण्या, मी स्वतःच आरसा न बघता घातलेल्या. मध्ये भांगापाशी पांढरे झालेले. काक्रानं हात धुतले, पुसले, एकमेकांवर चोळून ऊबदार केले आणि माझ्या डोक्यावर ठेवले. आई गेल्यापासून माझ्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. वेण्या सुटत गेल्या तशी मान मागं गेली, डोळे मिटले. तिची बोटं कुठंही अडत नव्हती. मी शिकवलेलं त्यांच्यात होतं, जाळ्यांचं होतं, आणि तिसरं काहीतरी होतं जे तिचं तिनंच आणलं होतं आणि जे मला येत नाही. हे मला समजलं, आणि समजूनही मी सुखानं बसून राहिले.

"कशा घालू, मॅडम?"

मी डोळे उघडले. हा प्रश्न मी रोज विचारते. हजारो डोक्यांना विचारलाय. मला कुणी विचारेल असं कधी वाटलंच नव्हतं. मोठ्या आरशात एक सेहेचाळीस वर्षांची बाई बसली होती, केस चारी बाजूंना मोकळे, आणि ती माझ्याकडं अशी बघत होती, जणू काही मागायला आलीय आणि लाजतेय.

"उंच," मी म्हटलं. "जुन्या बायका सणाला बांधायच्या ना, तशा. खूप उंच घाल."

"किती उंच?"

"दारातून वाकून बाहेर पडावं लागेल एवढ्या."

काक्रा मोठ्यानं हसली आणि पहिली बट उचलली. तासभर लागला. तिनं आपला भाव सांगितला, सगळाच्या सगळा, आणि मी तो दिला. दारातून मी खरोखरच वाकून बाहेर पडले. माझ्या दुकानाला कुलूप लावलं, या वेळी ते एका फेऱ्यात बसलं. अजून उजेड होता. माझ्या घराकडं दोन वाटा जातात. एक गल्लीतून, पाच मिनिटांची, रोजची. दुसरी मार्केट सर्कलला वळसा घालून, जिथं संध्याकाळी सगळं गाव असतं. मान ताठ ठेवून, घाई न करता, मी लांबची धरली.